आमचं आडनाव केर

त्या सोमवारी मी आठवी ‘ब’च्या वर्गात शिरलो, तेव्हा माझ्या टेबलाशेजारी नगरपालिकेचा पत्र्याचा डबा उभा होता. बाजारचौकातला. त्यावर तांबड्या रंगात लिहिलेलं होतं, ‘केर येथे टाकावा’. त्यातल्या ‘केर’ या शब्दापुढे कोणीतरी खडूने, अगदी सुबक अक्षरात, ‘सर’ असं घातलं होतं.

वर्गात पन्नास मुलं होती आणि एकही हलत नव्हतं. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी डबा उचलला, व्हरांड्यात नेऊन ठेवला, परत आलो आणि समीकरणं शिकवायला घेतली. पण फळ्यावर लिहिताना खडू दोनदा मोडला, आणि दुसऱ्यांदा मोडला तेव्हा मागच्या बाकांवरून हसू फुटलं ते तास संपेपर्यंत थांबलं नाही.

ही गोष्ट १९७८ सालची. मी शांतवन शमुवेल केर, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कुलात गणित शिकवायचो. गावाबाहेर मिशनचं आवार होतं, तिथे आमचं घर. फार पूर्वी, १९०० सालच्या मोठ्या दुष्काळात, स्कॉटलंडहून आलेल्या मिशनऱ्यांनी तिथे अनाथ पोरं सांभाळली. तिकडच्या एकेका घराने पैसे पाठवून एकेका पोराचा सांभाळ पत्करला, आणि त्या घराचं आडनाव त्या पोराला लागलं. म्हणून आमच्या आळीत गिलख्रिस्त होते, मॅकफर्सन होते. रंगाने, बोलण्याने, ज्वारीची भाकरी कुस्करून खाण्याने सगळे इथलेच. पण नाव मॅकफर्सन म्हटलं की पोस्टातला माणूससुद्धा मान वर करून बघायचा. माझ्या आजोबांच्या वाट्याला आलं केर. स्कॉटलंडात ते काय असेल ते असो, इथे ते झाडूनच बाहेर काढायचं.

मधल्या सुट्टीत मी हेडक्लार्क लांडग्यांसमोर जाऊन बसलो.

“आडनाव बदलायचं तर काय काय लागतं?”

लांडगे पान लावत होते. त्यांना डब्याची बातमी आधीच पोचली होती. “मनावर घेऊ नका हो सर. आता माझं बघा. लांडगे. कोणी हसतं का?”

“लांडग्याला लोक घाबरतात. केराला कोण घाबरतं?”

त्यांनी पान तोंडात घातलं. मग कपाटातून एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. “प्रतिज्ञापत्र करा, मग राजपत्रात छापून येतं. नवीन नाव काय लावणार?”

“आजोबांचं मूळ आडनाव. मिशनच्या आधीचं.”

“काय होतं ते?”

“ते शोधायचंय,” मी म्हणालो.

घरी येऊन करुणाला सगळं सांगितलं. करुणा माझी बायको, तिला सातवा महिना होता. माहेरची उजागरे. लग्नात तिच्या मैत्रिणींनीच चेष्टा केली होती, उजागऱ्यांची पोर केरात गेली म्हणून. तेव्हा ती स्वतःही हसली होती. आज हसली नाही.

“तुमच्यासाठी बदलणार असाल तर मला काही फरक पडत नाही,” ती म्हणाली. “मला सवय झाली. पण ह्याला शाळेत पाठवताना काय सांगून पाठवू?” आणि तिने हात पोटावर ठेवला.

बाबा मागच्या पडवीत होते. मिशनच्या सुतारशाळेत त्यांनी तीस वर्षं काम केलं होतं, आणि ती बंद पडल्यावर घरीच खुर्च्या-पाळणे करत. त्या वेळीही पाळणाच चालला होता. मी त्यांच्यापुढे अर्ज धरला.

“बाबा, मी आडनाव बदलतोय. बाळ व्हायच्या आत. आजोबांचं खरं आडनाव तुम्हाला काही माहीत आहे का?”

बाबांनी रंधा थांबवला. “नाही. दादांना स्वतःलाच माहीत नव्हतं.”

“तुमची हरकत नाही ना?”

“नाव तू लावणार. मी काय हरकत घेऊ?” असं म्हणून त्यांनी पुन्हा रंधा चालवायला सुरुवात केली. मला वाटलं, बरं झालं, हे सोपं गेलं.

मिशनची जुनी दप्तरं मिस बेअर्डकडे होती. ही बाई स्कॉटलंडहून १९२८ साली नर्स म्हणून आली ती परत गेलीच नाही. मिशनचा दवाखाना सरकारने घेतला, बाकीचे गोरे लोक निघून गेले, आणि ही शेवटची एकटी, शहात्तर वर्षांची, आवाराच्या टोकाला दोन खोल्यांत कोंबड्या पाळून राहिली होती. आवारातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. मीही. सगळे तिला मिसबाई म्हणत. मराठी ती आमच्यापेक्षा गावठी बोलायची, फक्त ‘र’ तेवढा तिच्या तोंडात लांबच लांब घोळायचा.

शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्याकडे गेलो. ती अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होती.

“कामून आलास रं शांतवन? करुणा बरी हाय ना?”

“ती बरी आहे. मला जुनी वही बघायची होती, मिसबाई. दुष्काळातल्या पोरांची. आजोबांचं खरं आडनाव काय होतं ते.”

“आन ते कशाला?”

मी अर्ज काढून दाखवला. डब्याचंही सांगितलं. वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर बायबलातलं काहीतरी ऐकवेल. ती फस्सकन हसली.

“त्या पोट्ट्याला अक्षर लई चांगलं दिसतंय,” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं. “ये, आत ये. आधी खाय काहीतरी.”

तिने भाकरी आणि जवसाची चटणी पुढे ठेवली, आणि स्वतः खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लागली. मी ती ओढून दिली. वह्या उपसताना तिचं बोलणं चालूच होतं.

“नावाला हसतात म्हणतोस. आमच्याकडं कॅमेरॉन हायत. मोठे सरदार लोक. त्या नावाचा अर्थ ठाव हाय? वाकडनाक्या. कँपबेल ऐकलंस? ते तर सरदारांचे सरदार. त्यांचा अर्थ वाकडतोंड्या. कोण्या म्हाताऱ्याचं तोंड वाकडं व्हतं, त्याच्या साऱ्या वंशाला ते चिकटलं.”

“आणि बेअर्ड?”

“शाहीर!” ती ताठ बसली. “आमच्या घराण्यात कधीकाळी कोणी गाणारा झाला आसंल. मला एक ओळ सुरात म्हणता येत नाही. रविवारी माझ्या शेजारी कोणी बसत नाही, बघितलं नाहीस का?”

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असेल.

“गिलख्रिस्त म्हणजे ख्रिस्ताचा सेवक,” ती बोटांवर मोजत सांगत होती. “मॅकफर्सन म्हणजे पाद्र्याचा पोरगा. म्हणजे तुमच्याकडं कसं सुतार, कुलकर्णी, जोशी. तेच समदं.”

“आमच्याकडे केर कोणी नाही, मिसबाई.”

यावर तिने चष्मा पुसला. “मॅकग्रेगर म्हणून एक कूळ व्हतं,” ती म्हणाली. “राजाचा त्यांच्यावर राग. हुकूम निघाला, हे नाव जो लावील त्याला मरणाची शिक्षा. तवा ते लोक दुसऱ्यांची नावं घेऊन जगले. दीडशे वर्षांच्या वर. मग हुकूम उठला, आन त्यांच्या खापरपंतवंडांनी आपलं नाव परत घेतलं. ज्यांनी ते कधी लावलंबी नव्हतं, त्यांनी.” तिने माझ्याकडे बघितलं. “तुला कोणी फाशी देत नाही. तू खुशाल बदल. कागदावर माझी सही पायजे तर देते. मी आपलं सांगितलं.”

मग तिला वही सापडली. जाड पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. १९०१ साल. अक्षर बारीक आणि डावीकडे कललेलं. तेव्हा मिशनचं अनाथालय मिस ॲग्नेस रिची नावाची बाई चालवायची, तिचं ते अक्षर. मला इंग्रजी वाचता येत होतं, पण ते अक्षर लागेना. मिसबाईने भिंग घेतलं आणि बोट ठेवून एकेक नोंद बघत गेली. प्रत्येक पोराचा क्रमांक, वय, गाव, बापाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात स्कॉटलंडातलं घर.

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “लूक. हा तुझा आजा.”

“गाव?”

“कोरं हाय.”

“बापाचं नाव?”

“कोरं.”

“जात, आडनाव, काहीच नाही?”

“काही नाही रं.” ती भिंग पुढे सरकवत होती. “शेवटचा रकानाबी कोरा. याला तिकडून कोणी घेतलाच नव्हता.”

मला ते आधी कळलंच नाही. “मग केर कोण?”

नोंदीखाली, समासात, आडवं काहीतरी लिहिलेलं होतं. ती ते मनात वाचत होती. वाचून झालं तेव्हा तिने भिंग खाली ठेवलं आणि पाणी प्यायली. मग पुन्हा भिंग उचललं आणि एकेक वाक्य मराठीत करून मला सांगायला लागली. तेव्हा मात्र ती गावठी बोलत नव्हती. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचावा तशी सावकाश, जपून बोलत होती.

“सहा वर्षांचा असावा. वाटेवर सापडला. नाव विचारलं तर बोलत नाही. जेवायला डावा हात पुढे करतो. वाढणाऱ्या बाया ओरडतात, मग तो हात मागे घेतो आणि तसाच उठतो. तीन दिवस झाले. आज मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि माझ्या डाव्या हाताने जेवले. त्याने बराच वेळ बघितलं. मग तो जेवला.”

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. मिसबाईने उठून दार लोटलं आणि परत येऊन वहीतलं पुढचं सांगायला लागली.

“माझी आई केर घराण्यातली. आमच्या भागात केर सगळे डावखुरे असं म्हणतात, आणि त्या नावाचा अर्थही तोच सांगतात. माझ्या आईच्या थडग्यावर तिचं हेच नाव आहे. ह्या मुलाला तिकडून कोणाचं नाव आलेलं नाही. म्हणून मी ह्याला माझ्या आईचं नाव देते आहे. ह्याला कोणी नाही, असं होऊ नये.”

खाली तारीख होती.

मिसबाई म्हणाली, “शिकलेली मंडळी म्हणतात, केर म्हणजे दलदलीतली झुडपं, डाव्या हाताचं काही खरं नाही. पण माझी आजीबी डावखुरेच म्हणायची. त्या लोकांनी आपल्या गढीतले गोल जिने उलटे फिरवून बांधले व्हते म्हणं. डाव्या हातात तलवार धरून लढता यावं म्हणून.”

“आणि आईच्या थडग्यावर तिचं माहेरचं नाव?”

“आमच्याकडं तशी रीत हाय. बाई कोणाचीबी बायको होवो, दगडावर नाव तिचं तिचं.”

मला एकदम आजोबा आठवले. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लग्नाच्या पंगतीत ते कधी बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की आजी त्यांना आत ताट वाढायची आणि ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस, गर्दी आवडत नसेल.

जवळ दुसरा कागद नव्हता. मी तो छापील अर्ज उलटा केला आणि म्हणालो, “मिसबाई, पुन्हा एकदा सांगा. मी लिहून घेतो.”

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाबा पडवीतच होते. पाळण्याच्या कडा घासत होते, डाव्या हाताने. जन्मभर मी ते बघत आलो होतो आणि कधी लक्ष दिलं नव्हतं. करुणा उंबऱ्यावर बसून भाजी निवडत होती.

“सापडलं?” तिने विचारलं.

“आडनाव नाही सापडलं. हे सापडलं.” मी अर्जाची पाठ वाचून दाखवली.

वाचून झालं तरी बाबा पॉलिशच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. मग म्हणाले, “परत वाच.”

मी परत वाचलं. ‘मग तो जेवला’ इथे बाबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. आईच्या मयतीनंतर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. करुणा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, भाजीचं ताट तसंच हातात घेऊन.

बऱ्याच वेळाने त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “मीही एकदा अर्ज लिहिला होता,” ते म्हणाले.

“कसला?”

“हाच. तू व्हायच्या आधी. सुतारशाळेत मला केरसुणी म्हणायचे. मी शिंदे लावणार होतो. दादांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आठ दिवस बोलले नाहीत. मग एक दिवस इथेच, ह्याच पडवीत, मला म्हणाले, ‘शमुवेल, तू शिंदे झालास की मी एकटाच केर राहीन का रं?’” बाबा थांबले. “दादांना ना गाव, ना आईबाप. एवढं एक नाव, तेही कुठून आलं ते ठाऊक नाही. आणि ते लावणारा जगात दुसरा माणूस मी. दुसऱ्या दिवशी तो कागद मी बंबात घातला.”

“मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला.”

“सांगितलं असतं तर तू थांबला असतास.”

“मग?”

“मला म्हाताऱ्याला एकटं वाटेल म्हणून तू तुझ्या लेकराला ते लावावंस, हे मला बरं वाटेना. मी सोसलं ते माझ्या बापासाठी. तू कोणासाठी सोसायचं?” त्यांनी पुन्हा पॉलिशचा कागद उचलला आणि पाळण्याच्या कडेवरून फिरवायला लागले. “आता तुला कळलंय. आता तुला वाटेल ते कर. शिंदे लाव, काही लाव. मला वाईट वाटणार नाही.”

मी करुणाकडे पाहिलं. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती.

“ती बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली,” ती म्हणाली. “एवढी मोठी मड्डम.” मग थोडं थांबून, “शाळेत पोरं हसणारच. कशालाही हसतात. पण ह्याने विचारलं, हे असलं नाव का, तर आता मला सांगता तरी येईल.”

अर्ज मी भरला नाही. तो आजही माझ्याजवळ आहे, पाठीमागच्या मजकुरासाठी. सोमवारी शाळेत गेलो तेव्हा लांडग्यांनी भुवया उंचावून विचारलं आणि मी नकारार्थी मान हलवली. मला निवृत्त होऊन आता चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात पोरांनी चिडवणं सोडलं, असं काही झालं नाही. प्रत्येक वर्षी नवी आठवी यायची आणि तिला वाटायचं, हा विनोद आपल्यालाच सुचला. मला मात्र पुढे पुढे त्यांच्या अक्षराकडे बघायची सवय लागली.

करुणाला मुलगी झाली. मिसबाई हट्टाने सरकारी दवाखान्यात येऊन बसली होती. तिथल्या नर्सना तिने काही म्हणजे काही करू दिलं नाही, असं करुणा सांगते. दोन महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी, बाप्तिस्मा ठरला.

चर्च भरलेलं होतं. गिलख्रिस्त, मॅकफर्सन, उजागऱ्यांकडचे झाडून सगळे. पाळक आल्हाटांनी बाळ हातात घेतलं. आमच्या आवारात गोष्ट लपत नाही. मी आडनाव बदलणार असल्याचं त्यांच्या कानावर होतं. पुढे काय झालं ते मात्र नव्हतं.

“बाळाचं नाव?” त्यांनी विचारलं.

“सुवार्ता शांतवन...” मी म्हणालो, आणि बाबांकडे वळून बघितलं.

पाळक माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “आडनाव कोणतं घालू?”

माझे बाबा तिसऱ्या बाकावर बसले होते. प्रार्थनासुद्धा ते ओठांतल्या ओठांत म्हणायचे. पन्नास वर्षांत त्या चर्चमध्ये त्यांचा आवाज कोणी ऐकला नसेल.

“केर!” ते उभे राहून म्हणाले.

इतक्या मोठ्याने म्हणाले की सुवार्ता दचकून जागी झाली आणि टाहो फोडून रडायला लागली. पाळकांनी पाण्यात बोटं बुडवली, आणि तिच्या रडण्याच्या वर आवाज चढवून तिचं पूर्ण नाव उच्चारलं.